तीनशेच्या तीनशे पास

वर्षअखेरपर्यंत सगळ्या चाचण्या पास होत राहिल्या की साहेबांना बढती आणि नव्या टेस्टरबाईंना कायमची नोकरी, असा सरळ हिशेब होता. चाचणी होती कंपनीच्या डीबगरची, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या साधनाची: चालू प्रोग्राम त्याने मध्येच थांबवायचा. थांबला की पास. आपोआप चालणाऱ्या या चाचण्या रोज तीनशेच्या तीनशे पास होत.

बाईंनी एकदा बारकाईने पाहिलं. "साहेब, आपण थांबवायच्या आधीच प्रोग्राम संपलेला असतो हो! मेलेल्याला थांब म्हटलं तर तो हलणार कसा?"

"मग करा दुरुस्त, हुशार आहात ना!"

बाईंनी प्रोग्राम खरोखर चालू ठेवले. डीबगरला त्यातला एकही थांबवता येईना. तीनशेच्या तीनशे नापास.

 

तीनशे चुका उजेडात आणल्याबद्दल साहेबांना बढती मिळाली, आणि चांगल्या चालणाऱ्या चाचण्या बिघडवल्याबद्दल बाईंना घरचा रस्ता.