घराचा उजेड

"विझव तो दिवा!" दारात उभी राहून समुद्राकडे बघणारी सासू एकदम ओरडली.

सून गोंधळली. माहेरहून आणलेला काचेचा दिवा तिने आजच दिवेलागणीला पहिल्यांदा खिडकीत ठेवला होता, मासेमारीहून परतणाऱ्या नवऱ्याला, कॉलमला, लांबून दिसावा म्हणून. आयर्लंडच्या या किनाऱ्यावर घरोघरी शिंपल्यात माशाचं तेल घालून दिवा लावत. त्याचा उजेड तांबूस आणि वास उग्र. म्हणून सकाळीच तिने तेल ओतून देऊन शिंपला घासून ठेवला होता.

"पांढरा उजेड इथे फक्त जमीनदाराच्या बंगल्यात असतो, पोरी. आणि बंगल्याखाली खडक आहेत. बघ, माझा कॉलम होडी वळवतोय!"

खरंच, घराकडे येणारी होडी उलटी फिरून खवळलेल्या समुद्रात निघाली होती.

"पण शिंपल्यात घालायला माशाच्या तेलाचा थेंब नाही, आई."

सून चुलीकडे धावली. धुराड्यातली काजळी तिने ओंजळभर खरवडली आणि आपल्या चकचकीत काचेवर दोन्ही हातांनी फासली. तळवे पोळले, तरी फासत राहिली. उजेड मंदावला, तांबूस झाला. होडी लाटांवर घुटमळली. मग हळूहळू किनाऱ्याकडे वळली.

"मध्येच आपलं घर दिसेनासं झालं होतं," आत आल्यावर कॉलम कुडकुडत म्हणाला.

सासूने सुनेचे काळे हात आपल्या एप्रनखाली ओढून घेतले.

"धुकं असेल," ती म्हणाली. "जेवायला बस."