हातभर जागा

"त्या पोरीची माती माझ्या हातून उकरली जाणार नाही. खुशाल सस्पेंड करा," असं नायब तहसीलदार खैरमोडे काल वरिष्ठांना तोंडावर सांगून आले. वरच्या कोर्टाचा निकाल होता: गायरानातलं दफन बेकायदा आहे, प्रेत बाहेर काढा. आता भटक्यांनी आपलं मूल पुरायचं तरी कुठं? संध्याकाळपर्यंत खैरमोड्यांचा चार्ज काढून घेतला गेला. तरी जन्मात पहिल्यांदा त्यांना आपली मान ताठ वाटली.

सकाळी ते मुद्दाम पालांवर गेले. पोरीचा बाप, धोंडीनाथ, पालापुढं बसला होता. मांडीवर लुगड्यात गुंडाळलेलं गाठोडं होतं आणि त्याची नखं मातीनं भरली होती.

"अरे, हे काय केलंस? मी वरिष्ठांना नाही म्हणून सांगितलं होतं!"

"कळलं की, साहेब. तुम्ही नाही म्हणला, म्हणून आज दुसरं साहेब जेसीबी घेऊन येणार हुतं. त्याला लोखंडाचं दात. पोरीला लागलं असतं. म्हणून म्याच हातानं काढली." धोंडीनाथ गाठोड्यावरची माती अलगद झटकत राहिला. "तुम्ही असता, तर हळूच काढायला लावली असती."

खैरमोडे त्याच्यासमोर मातीतच उकिडवे बसले.

"साहेब, आता हिला ठेवू कुठं? हातभर जागा तेवढी लिहून द्या."

खैरमोड्यांचा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडे गेला आणि तिथंच थांबला. कालपासून त्यांच्या सहीला कुणी विचारत नव्हतं.