चौथा पेला

सूर्यभाननं घोट तोंडात घोळवला, उठून ओट्याच्या कडेला गेला आणि निंबाच्या बुडाशी थुंकला.

"अगं माय!" ओट्यावर टेकलेली पार्बताबाई कासारीण ओरडली. "मुंबईहून पिंपात बसून आली बिचारी, आन् हा निंबाले पाजून राहिला!"

"बोल," नत्थुजी म्हणाले.

"कडू. निंबाच्या मोहरावानी. मांगून गोडसर. ही बिलायतची, उजळ रंगाची बियर. समुद्रात नासू नये म्हणून जास्त कडू करतेत."

नत्थुजी कलालांनी पहिला पेला बाजूला सारला.

अमरावतीच्या कापूसबाजाराच्या तोंडाशी त्यांचं दारूचं दुकान. दूर कुठं गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कापसामागून साहेब आले, साहेबांमागून बियर. मोहाची दारू विकण्यात जन्म गेलेल्या नत्थुजींना त्यातलं ओ की ठो कळेना. जाणता माणूस हवा, असं त्यांनी सगळीकडे कळवलं. अकोल्यात हे सूर्यभानच्या कानावर आलं तेव्हा त्याचा साहेब नुकताच मुंबईला परतला होता. ज्या बंगल्यावर तो बियरचं कोठार सांभाळायचा, त्याला कुलूप लागलं होतं. हे काम मिळालं तर मिळालं. नाहीतर उद्यापासून पाठीवर कापसाचे गठ्ठे.

आल्या आल्या नत्थुजींनी त्याचं कूळ विचारलं. घरी कोण, तेही विचारलं. बायको मागच्या पटकीच्या साथीत गेली, लेकरू नाही, असं त्यानं सांगितलं. दुकानाच्या किल्ल्या द्यायच्या तर माणूस मुळापासून तपासणारच, असं त्याला वाटलं.

दुसरा पेला.

माजघराच्या पडद्याआडून एक हात आला, पेला उंबऱ्याशी ठेवून मागे गेला. मोकळं मनगट.

"सून हाय, जयवंता," पार्बताबाई त्याच्या कानाशी कुजबुजली. तिची बांगड्यांची दुरडी फडक्यानं झाकलेली होती. बाई सकाळपासून इथंच बसली होती म्हणे. ऊन उतरायची वाट पाहत असावी. "नत्थुजीचा पोरगा दुकान चालवत नोता बाप्पा, पीत होता. पिता पिताच गेला."

दुसरी बियर काळीकुट्ट. सूर्यभाननं डोळे मिटले.

"करपल्या भाकरीच्या पापुद्र्यावानी. थंडीतली हाय ही. वैशाखात कोणी पुसणार नाई."

आणि पुन्हा निंबाकडे.

"मामाजी, विचारा त्याईले," पडद्याआडून आवाज आला. "थुकतेत कावून?"

सूर्यभान पडद्याकडे न पाहता म्हणाला, "आमच्या सायबाची जीभ दुपारी शाहाणी राहे, संध्याकाळी मेलेली. माह्याजवळ जिभेशिवाय भांडवल नाई. तेच गिळून टाकलं तर उरते काय?"

पडद्यामागे कोणीतरी हसू दाबलं.

"त्यानं तं सारे पेले गिळले," नत्थुजी अंगणाकडे बोट दाखवत म्हणाले. छकड्याखाली एक धिप्पाड माणूस हातपाय पसरून घोरत होता. तोंडावर माशा. "बडनेऱ्याचा महादेवराव. तिन्ही वळखल्या त्यानं. एक चुकला नाई."

आता तिसरा चुकून चालणार नव्हतं.

तिसरा पेला.

ही हलकी. आंबूस. पहाटे हरभऱ्याच्या पानावर आंब धरते ना, ती जिभेला लागावी तशी. त्यानं एक घोट घोळवला, थुंकला. दुसरा घोळवला. तोही थुंकला.

बिलायतची म्हणावं? जिभेच्या टोकावर आलं होतं. लागलं तर लागलं.

"नाई वळखत," तो म्हणाला. "अशी कधी चाखलीच नाई."

"महादेवरावानं वळखली. आपल्याच मुलखातली हाय, उत्तरेकडच्या डोंगरात करतेत."

"मंग त्यालेच ठेवा, नत्थुजी. बरोबर सांगतलं त्यानं."

त्यानं उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

"थांब ना बे. इतक्या उन्हाचा आला. परीक्षा सरली आता." नत्थुजींनी स्वतः आत जाऊन चौथा पेला आणला. काठोकाठ. विहिरीत सोडून गार केलेली बियर, वर फेस, काचेला घाम. "हा चाखाचा नाई, पेयाचा. माह्याकडून."

सूर्यभानचा घसा कोरडा पडला होता. त्यानं पेल्याकडे एकदा पाहिलं, मग दुसरीकडे.

"नको. ताक असन तं द्या. नाईतं हिरीचं पाणी."

"राग आला?"

"राग कायचा? तुमचं दुकान, तुमचा माणूस. पाणी पेतो आन् निंगतो."

नत्थुजींनी पेला खाली ठेवला आणि पडद्याकडे पाहिलं. पार्बताबाईनंही तिकडेच पाहिलं.

पडदा हलला. हात आला. ताकाचा गडू उंबऱ्यावर ठेवला गेला.

हात मात्र मागे गेला नाही. उंबरा ओलांडून तो पुढे झाला आणि मोकळं मनगट तसंच पार्बताबाईसमोर धरून थांबला.

पार्बताबाईनं सकाळपासून झाकलेल्या दुरडीवरचं फडकं काढलं आणि मान वळवून सूर्यभानला विचारलं, "बोला जी पाहुणे, हिरव्याच भरू ना?"