मुदत संपलेलं इंग्रजी

परक्या देशातल्या त्या कार्यालयाने बाईंचा अर्ज चौदा महिने बुडाखाली दाबून ठेवला आणि वर बाईंनाच उशीर झाला म्हणून सुनावलं. अर्ज ज्यासाठी होता, तो इथल्या शाळांत इंग्रजी शिकवायला लागणारा कोर्स सोमवारी सुरू होणार होता. तो हुकला, तर मायदेशी अठरा वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईंच्या नशिबी इथे हॉटेलातल्या चादरी बदलणंच होतं.

"तुमच्या इंग्रजीच्या परीक्षेचं सर्टिफिकेट दोनच वर्षं चालतं," खिडकीमागचा कारकून म्हणाला. "त्याची मुदत मंगळवारी संपली."

"अर्ज दिला तेव्हा तर चालत होतं."

"असेल. पण दोन वर्षांत माणूस भाषा विसरू शकतो."

"भाषा म्हणजे काय दूध आहे, नासायला?"

"चिडू नका. परीक्षा पुन्हा द्या, पुढच्या वर्षी या. तुम्हाला इंग्रजी येतं याचा आज माझ्याकडे काहीही पुरावा नाही."

मागे रांगेत चुळबुळ सुरू झाली. बाई जागच्या हलल्या नाहीत. काचेला नाक टेकेल इतक्या पुढे वाकल्या.

"साहेब, तुम्हाला माझ्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही. मग गेला अर्धा तास आपण दोघं कोणत्या भाषेत भांडतोय, ते तेवढं सांगा."