तेल चोळायचं गाणं

मालिशवाल्या शेवंतामावशी पाय पसरून बाळाला तेल चोळायला बसल्या, तेवढ्यात केतकीच्या इअरफोनची पिन निघाली आणि फोन मोठ्याने घुमू लागला. कॉलेजपासूनचा तिचा लाडका डूम मेटलचा अल्बम होता तो. जड गिटारी, हत्तीच्या चालीचे ड्रम. मैत्रिणींपैकी कुणालाच तो दोन मिनिटांवर सोसला नव्हता.

मावशींनी उद्यापासून येणंच सोडलं, तर दीड महिन्याच्या बाळाला न्हाऊ कोण घालणार? केतकीने घाईघाईने बालगीतं लावली.

“हे नको बाई,” मावशी म्हणाल्या. “याच्या नादानं हात पळत सुटतात. मघाचंच लाव. एका ठोक्याला हात कसा मांडीपासून टाचेपर्यंत सावकाश उतरत होता.”

“पण बाळ घाबरलं तर?”

“ते रोजच रडतं. गाण्याला कशाला बोल लावतेस?”

बाळ आंघोळ होईपर्यंत रडलंच. मावशींनी मात्र तिसरं गाणं दोनदा लावायला सांगितलं आणि निघताना पदराला हात पुसून मोबाइल पुढे केला. एवढ्या वर्षांत हा अल्बम केतकीकडे कुणी मागितला नव्हता.

“यात घालून दे,” मावशी म्हणाल्या. “अजून चार घरची बाळं आहेत माझ्याकडे.”