मॉरिशस खणखणीत ऐकू येतंय

रेडिओवर मॉरिशस इतकं खणखणीत येत होतं, की सिग्नल दाखवणारा काटा उजवीकडच्या टोकाला जाऊन चिकटला होता.

"बघ! याला म्हणतात टीम," रामदासकाका म्हणाले. "समुद्रापलीकडून बोलतोय, पण शेजारी बसल्यासारखा वाटतोय आपला यज्ञेश्वर."

नाजिमाने रेडिओचा आवाज थोडा कमी केला. हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी वायरलेसवाल्यांच्या, जास्तीत जास्त देशांशी बोलायच्या जागतिक स्पर्धेसाठी मॉरिशसला जाणाऱ्या टीममध्ये आधी तिचं नाव होतं. ऐनवेळी क्लबचे अध्यक्ष यज्ञेश्वर यांनी तिच्या जागी स्वतःच्या जावयाला घातलं. जावयाला रेडिओचं चालू-बंदचं बटण माहीत होतं, आणि तो मोकळा होता. "तुझा नंबर पुढच्या वर्षी. नक्की," असं यज्ञेश्वर तिला म्हणाले होते. मग हार झाले, पेढे झाले, गवती हॅट घालून फोटो झाले आणि टीम विमानतळाकडे निघाली. नाजिमा पुण्यात वारज्यातल्या आपल्या घरूनच स्पर्धेत उतरली. रामदासकाका क्लबचे सचिव. ते सकाळीच तिच्याकडे मॉरिशस ऐकायला आले होते, आणि पोहे झाले असतील तर पोहे खायला.

खिडकीखालून कचऱ्याची गाडी गेली. भोंगा ओरडत होता, "ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा!"

थोड्या वेळाने यज्ञेश्वर रेडिओवर एका जपानी माणसाला "धिस इज मॉरिशस, ब्युटिफुल बीच" असं सांगत असताना त्यांच्या मागून आवाज आला, "ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा!"

नाजिमाने काकांकडे पाहिलं.

"मॉरिशसमध्ये मराठी लोक आहेत," काका म्हणाले. "पुष्कळ आहेत. पूर्वीपासून."

"आणि ही गाडी?"

"नेली असेल त्यांनी पद्धत इथून."

तेवढ्यात रेडिओतून एका बाईचा आवाज घुमला. "अहो, गाडी आली! जावईबापूंना झोपू द्या, तुम्हीच पळा डबा घेऊन!"

"सॉरी, सॉरी," यज्ञेश्वर जपानला म्हणाले. "लोकल पब्लिक. व्हेरी नॉइझी. वन मिनिट."

काटा धपकन शून्यावर आला.

"या तर यज्ञेश्वरांच्या हेमावहिनी," नाजिमा म्हणाली. "त्यापण गेल्यात का?"

"मिळालं असेल तिकीट ऐनवेळी," काका म्हणाले. पण आवाज जरा बसला होता.

नाजिमाने खिडकी पूर्ण उघडली. समोरच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी वळत होती आणि तिच्यामागे फुलाफुलांचा शर्ट आणि गवती हॅट घातलेले यज्ञेश्वर डबा छातीशी धरून पळत होते. एकच डबा.

काका बघतच राहिले. त्यांचा चेहरा पार उतरला.

"ओला-सुका एकत्रच केलाय की गं यांनी," ते म्हणाले.

इकडे रेडिओवर जपान हाका मारत होता, "मॉरिशस? मॉरिशस?" मग इटली आलं, मागोमाग ब्राझील. सगळ्यांना मॉरिशस हवं होतं.

नाजिमाने माइक उचलला.

"ठेव तो खाली," काका दबक्या आवाजात म्हणाले. "अगं, विमानतळावर अडलं असेल सामान. एवढे हार घालून घेतल्यावर माणूस तोंड कसं दाखवेल? गप्प बस. पुढच्या वर्षीचा तुझा नंबर जाईल उगाच."

"पुढच्या वर्षी कुठे नेतायत मला?" नाजिमाने विचारलं. "कोथरूडला?"

तिने बटण दाबलं आणि स्वच्छ इंग्रजीत सगळ्या जगाला सांगितलं, "थांबा जरा. मॉरिशस कचरा टाकायला गेलंय. येईलच इतक्यात."