सड्यावरचं पांढरं कापड

शेवंती घाडी गावावरच्या सड्यावर, त्या कातळाच्या पठारावर, अंथरलेल्या पांढऱ्या कापडाचे खुंटे उपटत होती. जगभरच्या हवामानाचं जाळं तपासताना शास्त्रज्ञांना दिसलं होतं, की हा कातळ तापला की त्याचा धागा दूर बंगालच्या उपसागरापर्यंत पोचतो आणि तिथली चक्रीवादळं जोर धरतात. म्हणून सरकारने ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या कापडाने सडा झाकला. तिकडची वादळं खरोखर मंदावली. पण वादळं उन्हाळ्यापासून दिवाळीनंतरपर्यंत उठत, त्यामुळे कापड पावसातही निघत नसे आणि खाली गवत उगवत नसे. शेवंतीच्या गोठ्यात आता एकच म्हैस उरली होती, चांदी, आणि तीही आटली होती.

तेवढ्यात सरपंच एका बाईला घेऊन वर आले. तिच्या कडेवर लहान मुलगी होती.

"काकी, ही बसंती. ओडिशातून आलीय, आपले आभार मानायला."

बसंती मोडक्या हिंदीत बोलली. "शेवटच्या मोठ्या वादळात माझे दोन मुलगे गेले. ही त्यानंतरची. हिने अजून घर पडताना बघितलेलं नाही."

तिने वाकून कापडाला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. शेवंतीने हातातला खुंटा पदराआड घेतला.

"चहा घेऊन जा, बाय," ती म्हणाली. "बिनदुधाचा आहे."

पाहुणी गेल्यावर शेवंतीने उपटलेले खुंटे दगडाने पुन्हा ठोकून बसवले. मग तिने म्हशीच्या व्यापाऱ्याला फोन केला. संध्याकाळी चांदी टेंपोत चढेना. व्यापारी काठी शोधू लागला, तेव्हा शेवंती म्हणाली, "मारू नको रे," आणि तिने स्वतःच चांदीला मागून ढकललं.